हात दाखवा, माउस घ्या!

१० रुपयांची ८ नाणी एकावर एक रचा आणि तळहातावर ठेवा. वजन भरलं जेमतेम ६२ ग्रॅम. चांगल्या वायरलेस गेमिंग माउसचं वजन हल्ली साधारण एवढंच असतं आणि त्यासाठी लोक दहा-बारा हजार रुपये खुशाल मोजतात. आता त्यातलं एक नाणं काढून घ्या. फरक कळला? खरं सांगा हं! माउसच्या बाजारातली सगळी मारामारी सध्या या एका नाण्यावरून चाललीये.

माझ्या लालबागच्या मावसभावाला विचाराल तर तो म्हणेल, कळतो म्हणजे काय, कळतोच! वय वर्षं १९, रात्री दोनपर्यंत व्हॅलोरंट, आणि माउसची वजनं त्याला आयपीएलच्या स्ट्राइक रेटसारखी तोंडपाठ. ‘ताई, ५४ ग्रॅमचा आलाय. तू अजून ६३ वरच?’ हे तो ज्या सुरात म्हणतो ना, त्या सुरात आमच्या शाळेच्या दिवसांत लोक विचारायचे, ‘तुमच्याकडे अजून डायल-अप?’

माझं प्रकरण जरा वेगळं आहे. दिवसा लोअर परळच्या एका ऑफिसात व्हिडिओ एडिटिंग, म्हणजे आठ-नऊ तास टाइमलाइनवर उजव्या हाताची ये-जा. रात्री गिरगावात घरी आलं की तासभर गेम. हात एक आणि शिफ्ट दोन! (परळच्या गिरण्या गेल्या, शिफ्ट काही गेली नाही.) मागच्या पावसाळ्यात या हातानं मनगटापाशी कुरकुर सुरू केली, तेव्हा ठरवलं, आता माउस नीट बघून, निवडून घ्यायचा. हलका हवा. वायरलेस हवा. हाताला सोयीच्या आकाराचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘अर्गोनॉमिक’ म्हणतात तसला हवा. आणि ऑफिसात नेला तर टेबलावर डिस्कोचा दिवा लावल्यासारखा दिसायला नको! यातल्या बाकीच्या अटी खोक्यावर वाचून, चित्र बघून भागतात. आकाराचं मात्र हातात घेतल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि नेमकी तीच अट सगळ्यात महत्त्वाची निघाली.

भारी म्हणजे किती भारी?

गंमत बघा. एकेकाळी भारी माउस खरोखरच भारी असायचा.

डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशनं १९६४ मध्ये पहिला माउस बनवला, तो चक्क लाकडी ठोकळा होता. पोटात दोन चाकं, वर एकच बटण. एंगलबार्टनं ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जगासमोर चालवून दाखवला. आपल्या वाट्याला आला तोवर चाकांच्या जागी गोळा आला होता. गिरगाव-दादरच्या सायबर कॅफेत ज्यांनी ‘काउंटर स्ट्राइक’ खेळलंय त्यांना आठवत असेल, तासाचे पैसे भरायचे आणि पहिली दोन मिनिटं माउस उलटा करून, गोळा बाहेर काढून, आतल्या रुळांवर जमलेला मळ नखानं खरवडायचा. त्या मळानं जेवढे डाव घालवले तेवढे आठ-दहा ग्रॅमनी कुणाचे घालवले असतील असं मला वाटत नाही!

मग गोळा गेला, खालून लाल दिवा आला, आणि गेमिंगचे म्हणून वेगळे माउस निघाले. तेव्हाचा फंडा असा, की वजन म्हणजे दर्जा. लॉजिटेकचा २००५ चा जी५ आला तोच सोबत इवल्या इवल्या वजनांची डबी घेऊन. हवं तर ३६ ग्रॅमपर्यंत वजन माउसच्या पोटात भरा! २०१४ च्या जी५०२ मध्येही ३.६ ग्रॅमची पाच वजनं मिळायची. जी५ सोबतच आलेला जी७ वायरलेस होता. त्याला बॅटऱ्या दोन, एक माउसमध्ये आणि दुसरी चार्जिंगला. खेळता खेळता बॅटरी संपली की बदला. हौशी लोकांनी घेतलाही, पण ‘वायरलेस म्हणजे स्लो’ हा शिक्का पुढची दहा-बारा वर्षं पुसला गेला नाही.

२०१८ पासून वारं फिरलं. फायनलमाउसनं माउसच्या कवचाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली, २०१९ मध्ये ग्लोरियसच्या मॉडेल ओनं तीच युक्ती वापरून ६७ ग्रॅम गाठले, आणि २०२० मध्ये लॉजिटेकचा सुपरलाइट एकही भोक न पाडता, वायर नसून, बॅटरीसकट ६३ ग्रॅमच्या आत बसला. २०२४ चा रेझर वायपर व्ही३ प्रो ५४ ग्रॅमचा. जे लोक दहा वर्षांपूर्वी वजनं विकत होते तेच आता वजन काढून घेण्याचे पैसे घेतात. भारी आहे की नाही?

पण हलकेपणा म्हणजे निव्वळ थाप, असंही नाही हं. हळू सेन्सिटिव्हिटीवर खेळणारा माणूस एका गेममध्ये शेकडो वेळा माउस उचलून मागे आणतो, झटकन फिरवतो आणि तितक्याच झटकन थांबवतो. खरा कस थांबवताना लागतो. जड माउस जिथे थांबवायचा त्याच्या जरासा पुढे जातो आणि मग हात त्याला मागे ओढतो. ही ओढाताण तासभर चालली की पुढचा हात भरून येतो. ११४ ग्रॅमचा माउस सोडून ८० चा घेतला तर हा फरक कुणालाही जाणवेल. ८० चा सोडून ६३ चा घेतला तर खेळणाऱ्याला जाणवेल. ६३ चा सोडून ५४ चा? माझ्या मते तो खोक्यालाच जास्त जाणवतो!

मॅडम, भाई के लिए?

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला काही मुंबईकर सोडायला तयार नाहीत. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत पाच-सात मिनिटं. हा मूळचा सिनेमाचा रस्ता. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, सगळी इथलीच. मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ग्राफिक्स कार्ड, रॅम, केबल, स्पीकर, वॉकीटॉकी, सीसीटीव्ही आणि त्यांच्यामधून हातगाडी काढणारा हमाल. घासाघीस करायची सवय असेल तर स्वर्ग, नसेल तर शिकून घ्या.

आता कुणी म्हणेल, ऑनलाइन मागवायचा की! मागवा ना. भाव कधी कधी तिथेच बरा मिळतो. पण माउसची पंचाईत अशी, की तो आवडतो की नाही हे खोकं फोडल्यावर कळतं आणि खोकं फोडलं की परत करण्याची कटकट. चपला आपण पायात घालून बघतो, चार पावलं चालून बघतो. दिवसाचे आठ तास ज्याला हातात धरायचं त्याचा मात्र फोटो बघून निर्णय!

लॅमिंग्टन रोडलाही सीलबंद खोकं कुणी उघडून देत नाही, पण बऱ्याच दुकानांत डेमोचे पीस असतात. दुपारी जेवणानंतर, गिऱ्हाईक कमी असताना जा आणि सरळ विचारा, ‘डेमो पीस कुठले आहेत?’ मी एका दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या पोरानं माझ्या खांद्यामागे कुणी आहे का ते बघितलं. ‘मॅडम, भाई के लिए?’ म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं मनापासून विचार केला आणि गुलाबी रंगाचा माउस काढून ठेवला. ‘लेडीज में ये चलता है.’

त्याला माफ केलं, कारण गल्ल्यावर बसलेल्या काकांनी पुढचा प्रश्न लाखमोलाचा विचारला. ‘हात दाखवा.’ मला वाटलं, आता हे भविष्य सांगतात की काय! त्यांनी काउंटरच्या काचेवर माझा पंजा सपाट ठेवायला सांगितला आणि ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप भरलं साडेसोळा सेंटिमीटर. ‘छोटा हात आहे. मोठा माउस घेऊ नका, मग लोक काहीही म्हणोत.’

हे माप तुम्ही घरी दोन मिनिटांत काढू शकता आणि माउस घेण्याआधी करायचं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे. ढोबळमानानं साडेसतराच्या आतला हात छोटा, १९ च्या पुढचा मोठा, मधले मध्यम. मग माउसची लांबी बघा. ती खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत मिलिमीटरमध्ये दिलेली असते, फक्त वजनाइतक्या ठळक अक्षरांत नसते. रेझरचा डेथॲडर व्ही३ प्रो १२८ मिलिमीटर लांब आहे. सुपरलाइट १२५. लॉजिटेकचाच जी३०५ साधारण ११७. रेझरचा ओरोची व्ही२ तर १०८. म्हणजे दोन टोकांत दोन सेंटिमीटरचं अंतर. बोटाच्या एका पेराएवढं!

मग बघायचं, आपण माउस धरतो कसा. काहींचा अख्खा तळहात माउसच्या पाठीवर टेकलेला असतो. काहींचा तळहात फक्त मागच्या बाजूला टेकतो आणि बोटं मांजरीच्या पंजासारखी वर वाकलेली असतात. काहीजण नुसत्या बोटांच्या टोकांनी माउस हलवतात, तळहात हवेतच. मुद्दाम बघायला गेलात तर हात लगेच शहाण्यासारखा वागतो, तेव्हा शेजारच्या कलीगला सांगा, मी कामात असताना गुपचूप फोटो काढ. मी स्वतःला तळहात टेकवणारी समजत होते. फोटोत पंजा निघाला.

अर्गोनॉमिक म्हणजे नेमकं काय?

टेबलावर हात पालथा ठेवला की कोपराखालच्या हाताची दोन हाडं एकमेकांवर आडवी येतात. हात पिळल्यासारखाच असतो तो. शेकहँडसाठी पुढे करतो तसा उभा धरला की हा पीळ सुटतो. अर्गोनॉमिक माउसची सगळी युक्ती यात आहे. अंगठ्याकडची बाजू उंच आणि करंगळीकडे उतरती, म्हणजे हात थोडासा कलतो. ही युक्ती टोकाला नेली की उभा माउस होतो, उदाहरणार्थ लॉजिटेकचा लिफ्ट. त्याचा कोन ५७ अंशांचा. एक्सेल आणि ईमेलसाठी उत्तम, आणि छोट्या हातालाही बसतो. पण गेममध्ये झटक्यानं नेम धरायचा तर मला तो जमला नाही. बोटांनी बारीक हालचाल करायला वावच उरत नाही. म्हणून गेमिंगवाले मधला मार्ग काढतात, थोडा उतार, अंगठ्याला खोबण, अनामिकेला टेकायला जागा. डेथॲडर २००६ पासून याच ढंगाचा आहे आणि त्याला जगभर चाहते आहेत.

फक्त हे आकार बहुतेक मोठ्या हातांसाठी असतात. मी तो १२८ मिलिमीटरवाला धरला तेव्हा पाठीचा उंचवटा तळहाताला छान भिडला, पण बोटं बटणांच्या अर्ध्यावरच संपली. माझ्या मावसभावाच्या हातात तोच माउस मुरलेल्या बॅटसारखा बसला. दोघांचंही खरं. मोठा माउस छोट्या हातात गेला की आपण तो आवळून धरतो, आणि सतत आवळून धरणं म्हणजे मनगटातून जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांना ओव्हरटाइम. ६३ ग्रॅमच्या, नावाजलेल्या, अर्गोनॉमिक माउसनं हात दुखू शकतो तो असा.

इथे परळचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. आशियातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली आपल्या केईएम हॉस्पिटलमध्ये सुरू झाली, हे किती जणांना माहीत असेल? ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर त्यांचे चिरंजीव. दुखावलेल्या माणसाला पुन्हा रोजची कामं करता यावीत म्हणून त्याच्या हाताला शिकवायचं, आणि जमेल तिथे काम, अवजार, बैठक त्याच्या हाताला जुळवून घ्यायची, असं हे शास्त्र. आपल्या कॉर्पोरेट पार्कांपासून पंधरा-वीस मिनिटांवर पंचाहत्तर वर्षं हे शिकवलं जातंय आणि आपण अर्गोनॉमिक्स म्हणजे अमेरिकेतून आलेली खुर्ची समजतो!

मी ज्या थेरपिस्टकडे गेले त्यांनी माउसची कंपनी विचारलीच नाही. ‘कोपर कुठे टेकतं?’ हा पहिला प्रश्न. कुठेच टेकत नव्हतं. टेबल उंच, खुर्ची खाली, त्यामुळे मनगट वर मुडपलेलं आणि टेबलाच्या धारेवर घासणारं. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. कोपर साधारण टेबलाच्या उंचीला आणा, हाताचा पुढचा भाग टेकू द्या, मनगट सरळ ठेवा आणि माउस अंगाजवळ ओढा. शिवाय, रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर माउसची दुकानं न फिरता आधी डॉक्टर गाठा. ती नस दबत असल्याची खूण असू शकते आणि त्यावर कुठल्याही ग्रॅमचा माउस उपाय नाही.

अडीच फुटांचं मैदान

‘माउस अंगाजवळ ओढा’ हे ऐकायला सोपं, पण मुंबईत टेबल केवढं असतं? आमच्या घरी खिडकीजवळ अडीच फुटांचं, म्हणजे ७६ सेंटिमीटरचं टेबल बसतं. त्याच्या पलीकडे कपाटाचं दार उघडलं पाहिजे, हा आईचा नियम. आता हिशेब करू. नंबरांचे खाने असलेला नेहमीचा कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद. उरले ३२. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी ०.३ ठेवली तर पाठीमागे वळून बघायला माउस सुमारे २७ सेंटिमीटर सरकवावा लागतो. त्यात माउसची स्वतःची रुंदी सहा-साडेसहा मिळवा. झाले ३३. म्हणजे मागून शत्रू आला की माझा माउस टेबलावरून खाली! पाण्याचा पेला आणि मोबाइल तर मी धरलेच नाहीत.

यावर मोबदला न देता मिळणारा उपाय म्हणजे सेन्सिटिव्हिटी वाढवणं. ती दुप्पट केली की अर्धी जागा पुरते. पण मग हात कोपरापासून फिरत नाही, सगळा खेळ मनगटाच्या बिजागरीवर येतो, आणि कुरकुर तिथेच होती. दुसरा उपाय म्हणजे नंबरांचे खाने नसलेला छोटा कीबोर्ड. तो ३६ सेंटिमीटरचा असतो. उरले ४०. शत्रूकडे वळून बघता येतं आणि माउस आठ सेंटिमीटर अंगाजवळ येतो, ऑफिसातसुद्धा. माझ्या मनगटाला पहिला आराम कुठल्याही माउसनं दिला नाही, या कीबोर्डनं दिला. अकाउंट्सवाल्यांना नंबरांचे खाने लागतातच, त्यांनी ते सुटे घेऊन डाव्या बाजूला ठेवावेत.

जागा कमी आणि सेन्सिटिव्हिटी जास्त असेल तर वजनाची किंमतही कमी होते, हे लक्षात घ्या. माउस फिरतोच केवढासा! अर्ध्या मीटरच्या मॅटवर हात झोकून देणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला जे ग्रॅम महत्त्वाचे, ते चाळीतल्या टेबलावर तितकेसे नाहीत.

वायर गेली, पुढे काय?

वायरलेसच्या भीतीत आता फारसं तथ्य राहिलेलं नाही, एक अट सोडून. सोबत जो इवलासा रिसीव्हर येतो तोच वापरा. त्यावर चांगला माउस सेकंदाला १००० वेळा आपली जागा कळवतो. ब्लूटूथवर हा आकडा बराच खाली येतो. ऑफिसच्या कामाला चालतं, गेममध्ये घसरल्यासारखं वाटतं. ४००० आणि ८००० हर्ट्झचे आकडे खोक्यावर असतात, पण ते लावले की बॅटरी भराभर उतरते. मला १००० पुरतात.

रिसीव्हर मात्र कॉम्प्युटरच्या मागे खोचू नका. तो २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, तुमचा आणि शेजारच्या चार घरांचा वायफायही बऱ्याचदा तिथेच गलका करत असतो, आणि यूएसबी ३.० ची पोर्टं त्याच पट्ट्यात खरखर सोडतात. इंटेलनं २०१२ मध्येच हे कागदावर मांडलं होतं. एक छोटी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर माउसपासून वीतभर अंतरावर टेबलावरच ठेवा. ‘माउस मध्येच अडकतो’ या तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटाव्यात.

बॅटरीचे दोन पंथ आहेत. आत बसवलेली, केबलनं चार्ज होणारी, हलकी. किंवा साधी पेन्सिल सेल. जी३०५ सेलवर चालतो, कंपनीच्या दाव्यानं एका सेलवर २५० तास. सेलसकट वजन ९९ ग्रॅम, पण त्यातले २३ ग्रॅम सेलचेच! लिथियमचा सेल टाकला की वजन आठेक ग्रॅमनी उतरतं. प्लास्टिकच्या नळकांड्यात घालून बारीक सेल बसवणारेही आहेत. किंमत तीन-साडेतीन हजारांच्या आसपास असल्यानं पहिला माउस म्हणून मी अजूनही हाच सुचवते, हात छोटा किंवा मध्यम असेल तर. तो अर्गोनॉमिक उताराचा नाही, हे मात्र कबूल.

आणि आपला पावसाळा! कापडी मॅट जुलैत दमट होते आणि माउस ओढल्यासारखा चालतो. मे महिन्यात तळहाताला घाम, त्यामुळे चकचकीत माउस निसटतो आणि रबरासारखा मऊ लेप असलेला दोन वर्षांत चिकचिकीत होतो. साधं, थोडं खरखरीत प्लास्टिक सगळ्यात बरं. एका क्लिकला दोनदा क्लिक होण्याचा रोग धातूच्या स्विचांना जडतो, कारण आतले संपर्काचे पत्रे खराब होतात. ऑप्टिकल स्विचमध्ये ते काम प्रकाशाचा किरण करतो, त्यामुळे तिथे हा रोग नाही. भोकांच्या माउसबद्दल एकच सांगते, लालबागच्या मावशीकडे खेळताना मधे डब्यातला चिवडा येतो. कुरमुऱ्याचा चुरा पोळ्यात गेला की टूथब्रशनंही निघत नाही!

ऑफिसवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कंपनीच्या लॅपटॉपवर आपण सॉफ्टवेअर टाकू शकत नाही. तेव्हा सेटिंग माउसच्याच मेमरीत साठवता येतं का, हे विचारून घ्या, म्हणजे घरी लावलेलं ऑफिसात चालेल. आणि क्लिकचा आवाज दुकानात ऐका. गेमिंग माउस शांत मीटिंगरूममध्ये टकटक्या पोपटासारखा वाजतो.

शेवटी मी घेतला झोवीचा ईसी३-सीडब्ल्यू. झोवी एकच अर्गोनॉमिक आकार तीन मापांत काढते, चपलांसारखा, आणि हा त्यातला सगळ्यात छोटा. त्याला सॉफ्टवेअरच नाही, डीपीआयचं बटण पोटावर. त्यामुळे ऑफिसचा आयटीवाला खूश, पण बाजूच्या बटणांना मनासारखं काम लावता येत नाही, हा एडिटिंगवाल्यांना तोटा. वजन पंचाहत्तरच्या आसपास, म्हणजे मावसभावाच्या यादीत तो कुठेच बसत नाही. किंमत पाच आकडी, बजेटच्या वर. डेमो पीस वीस मिनिटं काउंटरवर फिरवला, गुलाबीवाला पोरगा कंटाळून चहा प्यायला गेला तरी फिरवतच होते, आणि एकदाही बोटं आवळावीशी वाटली नाहीत. ‘ताई, बारा ग्रॅम जास्त!’ मावसभावाला धक्का बसला. त्याच्या हातात दिला तर त्याची अनामिका माउसच्या बाहेर लोंबत होती.

डावखुऱ्यांचं मात्र अवघड आहे. माझ्या शेजारी बसणारा कलीग डावखुरा, दादरहून येतो, माझ्यापेक्षा चांगला खेळतो. अर्गोनॉमिक गेमिंग माउस जवळपास सगळे उजव्या हाताचे. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा माउस घेतला तरी बाजूची बटणं बहुधा डावीकडे, उजव्या अंगठ्यासाठी. २०१८ च्या लॉजिटेक जी प्रो वायरलेसमध्ये बटणं दोन्हीकडे बसवता यायची, मागून आलेल्या सुपरलाइटमध्ये ती सोय गेली. वजन कमी करताना डावा हात गळला! तो बिचारा जुना जी प्रो शोधतोय.

बिल जीएसटीचंच घ्या. ‘बिना बिल दे दूं?’ असं विचारलं जाईलच. १८ टक्के वाचतात आणि वॉरंटी जाते. सील तपासा, खोक्यावरचा सीरियल नंबर आणि माउसच्या पोटावरचा नंबर दुकानातच जुळवून बघा, वॉरंटी भारतातली आहे ना ते विचारा. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.